खंडाळ्याचे नृत्यालय आणि अंधेरीचे बिऱ्हाड

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या मुलींच्या नृत्यवर्गाचा इतिहास’ लिहून द्यावा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने कपाटातल्या वह्या काढल्या. वह्या दोनच निघाल्या. एक वर्गणीची आणि एक हजेरीची. त्यांवरून एवढेच कळले की, वर्ग सुरू झाला, पुष्कळ मुली आल्या, शिकविणाऱ्या बाईंच्या यजमानांची बदली झाली, वर्ग बंद पडला. मग दोन वर्षांनी एका मोठ्या मुलीने लहान मुलींना गोळा करून तो पुन्हा चालू केला, आणि तिचे लग्न झाल्यावर पुन्हा हजेरीची पाने कोरी. एवढ्यावर इतिहास कसा लिहावा? शिवाय येत्या वार्षिक सभेपुढे ठराव आहेच, की शनिवार-रविवारी सभागृह वर्गासाठी अडवून ठेवण्यापेक्षा ते लग्नमुंजींना भाड्याने द्यावे. ठराव मांडणाऱ्या भगिनींचा हेतू वाईट नाही. छपराची गळती कोणाच्या पदराने थांबत नाही, हे मलाही कळते.

तेव्हा मी असे ठरविले, की आपल्या वर्गाचा नव्हे, तर आपल्या या मराठी मुलखात ज्यांनी नृत्याच्या शाळा काढल्या, मुली-मुलगे जमवून त्यांना घडविले, त्यांचा इतिहास सांगावा. त्यांतली कोणती शाळा मिटली, कोणती टिकली आणि का, हे एकदा सर्वांनी वाचावे, म्हणजे सभेत हात वर करताना बरे पडेल.

या इतिहासाचा एक धागा आपल्या नगरच्या किल्ल्यातूनच निघतो, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी पकडून नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी बारा जणांची ती मंडळी. नेहरू तेथे 1945 च्या मार्चअखेरपर्यंत होते आणि 1944 साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ तेथेच लिहिला. बागेसाठी जमीन खणताना खालून जुन्या भिंतींचे अवशेष लागत, असे त्यांनी त्या पुस्तकात लिहिले आहे, आणि चांदबिबीचीही आठवण काढली आहे. ती खोली आजही जपून ठेवलेली आहे. आपल्यापैकी बहुतेकींनी ती शाळेच्या सहलीत पाहिली असेल.

हे पुस्तक 1946 साली छापले गेले आणि थोड्याच काळात त्याचा चक्क नाच झाला! मुंबईच्या इंडियन नॅशनल थिएटर या संस्थेने त्यावर ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच नावाचा बॅले बसविला. नृत्ये शांती बर्धन यांची आणि संगीत रविशंकर यांचे. 1947 साली दिल्लीस आशियाई संबंध परिषद भरली, तेव्हा देशोदेशींच्या पाहुण्यांपुढे तो दाखविला गेला. नगरच्या किल्ल्यात कोंडलेल्या माणसाने रोज थोडे थोडे लिहिलेले पुस्तक तीन वर्षांत रंगमंचावर घुंगरू बांधून उभे राहिले. मला ही हकिगत कळली तेव्हा पहिला प्रश्न पडला तो नेहरूंविषयी नव्हे, तर त्या नाचणाऱ्या मुलामुलींविषयी. ती कोठून आली? त्यांना कोणी शिकविले? ती जेवत कोठे होती?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे मागे गेले पाहिजे.

आधी ‘बॅले’ या शब्दाविषयी दोन वाक्ये. विलायती बॅले म्हणजे भिंतीलगतचा आडवा लाकडी दांडा धरून, पावलांच्या पाच ठरलेल्या ठेवणींपासून सुरुवात करून, वर्षानुवर्षे अंग घडवीत शेवटी पायाच्या बोटांवर उभे राहण्याची विद्या. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने 1661 साली नृत्याची अकादमी स्थापून तिला शिस्त लावली. आपल्याकडे हा शब्द दुसऱ्याच अर्थाने रुळला. अनेक नर्तकांनी मिळून, संवाद न बोलता, नृत्य व संगीत यांतून सांगितलेली कथा, म्हणजे ज्याला आपण नृत्यनाट्य म्हणतो, त्याला बॅले म्हणू लागले. दोहोंत एक दुवा मात्र आहे, तो म्हणजे रशियाच्या विख्यात नर्तकी आना पावलोवा. 1923 साली लंडनला त्यांनी तरुण उदयशंकर यांना हाताशी घेऊन राधाकृष्णाचे नृत्य केले; आणि मुंबईस आल्या असता एका बंगाली बाईंना त्यांनी आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचे उत्तेजन दिले. त्या बाई म्हणजे लीला सोखी, अर्थात मॅडम मेनका.

मेनकाबाईंचा जन्म 1899 चा, बारिसालचा. वडील बॅरिस्टर. यजमान साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक, प्लेगच्या लशीवर काम केलेले मोठे शास्त्रज्ञ. आपल्याकडील जुन्या माणसांनी प्लेगमध्ये गाव सोडून शेतात झोपड्या घातल्याच्या गोष्टी सांगितलेल्या आहेत. त्या रोगाशी झुंजणाऱ्या घरातली ही गृहिणी संध्याकाळी कथ्थकाचे तत्कार घोटत होती. त्या काळी कथ्थक ही कोठ्यावरची कला समजली जाई. कुलीन बाईने ती शिकणे हेच धाडस होते. मेनकाबाई पंडित सीताराम यांच्याकडे शिकल्या, लखनौच्या अच्छन महाराजांकडे शिकल्या, आणि एकटीच्या नाचावर न थांबता संच बांधून त्यांनी कथ्थकाची नृत्यनाट्ये उभी केली. 1936 ते 1938 त्या संच घेऊन युरोपभर हिंडल्या. शेकडो प्रयोग झाले, आणि 1936 च्या बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांचा गौरव झाला.

त्या संचात एक नऊ-दहा वर्षांची मराठी पोर होती, दमयंती जोशी. तिची हकिगत आपल्या मंडळात जरूर सांगावी अशी आहे. सोखी दांपत्याचे मूल गेलेले होते. मेनकाबाईंना ही चुणचुणीत मुलगी इतकी आवडली, की तिला दत्तक घ्यावे असे त्यांच्या मनात आले. पण दमयंतीची आई, वत्सलाबाई, मुलगी द्यायला तयार होईना. घरची श्रीमंती, परदेशचे प्रवास, मोठे नाव, हे सारे पुढे ठेवलेले असता आईने मुलगी दिली नाही. आणि तरीही तिला अडवले नाही! दोघींनी मिळून तिला वाढवायचे ठरले. आई आईच राहिली आणि मेनकाबाई गुरू व पालक झाल्या. वर्गात मुलगी आणून सोडणाऱ्या प्रत्येक आईच्या मनात हाच झगडा थोड्याफार प्रमाणात असतो, असे मला वाटते. मुलगी बाईंचीच होऊन जाईल की काय, ही धास्ती असते, आणि बाईंच्या हाती दिल्याशिवाय ती घडणारही नाही, हेही ठाऊक असते. वत्सलाबाईंनी जो मार्ग काढला तो कोणत्या शास्त्रात लिहिलेला नव्हता.

युरोपातून परतल्यावर मेनकाबाईंनी खंडाळ्यास ‘नृत्यालयम्’ काढले. पुण्यामुंबईच्या मधोमध, घाटमाथ्यावर, गर्दीपासून दूर. तेथे कथ्थकाबरोबर कथकली आणि मणिपुरीही शिकविण्याची सोय होती. त्यासाठी त्या त्या प्रांतांतून गुरू आणून ठेवले होते. विद्यार्थिनी तेथेच राहत. मुंबईच्या पारशी कुटुंबातल्या शिरीन वजिफदार तेथे शिकल्या आणि पुढे तेथेच शिकवू लागल्या. ज्या काळात पुण्यातल्या सुशिक्षित घरांतही मुलीने पायात चाळ बांधले तर शेजारीपाजारी कुजबुजत, त्या काळात हे चालले होते.

आता येथे थांबून एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे, ती आपण स्मरणिकेत सहसा लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यात बायकांच्या नाचाचा इतिहास खंडाळ्यापासून सुरू होत नाही. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे 1870 साली जन्मलेल्या पवळाबाई हिवरगावकर या तमाशाच्या फडात उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री कलावंत म्हणून ओळखल्या जातात. पठ्ठे बापूरावांच्या फडाला त्यांनी नाव मिळवून दिले. अलीकडच्या काळात कांताबाई सातारकरांनी संगमनेरलाच आपले घर केले. त्या 2021 साली वारल्या. या बायकांनी नाचून घरे चालविली, फड चालविले, आणि त्यांच्या वाट्याला टाळ्याही आल्या व हेटाळणीही आली. त्यांचेच पाय, त्यांचाच ठेका. पण आमच्या घरची मुलगी नाचली की ती ‘कला’, आणि त्यांची नाचली की ‘तमाशा’. आपल्या मंडळाच्या वर्गाला सुरुवातीस जो विरोध झाला, तो खरे म्हणजे या भीतीपोटी होता, की लोक आपल्या मुलींना त्यांच्या ओळीत बसवतील. ती ओळ एवढी कमी प्रतीची का मानली, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नाही. मीही नाही. असो.

मेनकाबाईंचे नृत्यालय फार वर्षे चालले नाही. त्या आजारी झाल्या, आणि 1947 च्या मे महिन्यात, स्वातंत्र्याला अडीच महिने उरले असता, वारल्या. त्यांच्यामागे खंडाळ्याची शाळा राहिली नाही. घर चांगले, गुरू उत्तम, मुली गुणी, यजमानांचा पाठिंबा. कशाची उणीव होती? मला वाटते, सगळे एका बाईभोवती उभे होते. बाई म्हणजेच शाळा. अशा शाळेला दुसरा खांब नसतो. तरी एक गोष्ट राहिली. दमयंतीबाई पुढे लखनौ घराण्याच्या गुरूंकडे आणखी शिकल्या, एकल कथ्थकात त्यांनी मोठे नाव मिळविले, आणि कथ्थकासाठी साडीचा वेष रूढ करणाऱ्यांत त्या अग्रेसर होत्या. 1970 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि संगीत नाटक अकादमीने 1989 साली मेनकाबाईंचे जे छोटे चरित्र प्रसिद्ध केले, ते लिहिले आहे दमयंती जोशी यांनीच. गुरू जाऊन चाळीस वर्षे लोटल्यावर त्या आठवणी लिहून ठेवणारी तीच होती, जिला आईने देऊन टाकले नव्हते.

आता अंधेरीकडे वळू. तेथला प्रकार अगदी निराळा.

उदयशंकर यांनी हिमालयात अलमोड्यास मोठे कलाकेंद्र उघडले होते. कथकलीचे शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यमचे कंदप्पा पिल्लै, मणिपुरीचे अमोबी सिंग, संगीताला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, अशी गुरुमंडळी एका ठिकाणी जमलेली. उदयशंकरांच्या संचाचे संगीत वर्षानुवर्षे सांभाळणारे विष्णुदास शिराळी हे पलुसकरांचे शिष्य, म्हणजे आपल्याकडच्याच परंपरेतले. पुढे चित्रपटांत गाजलेले गुरुदत्त हेही पोरवयात तेथे शिकले आणि नंतर पुण्याच्या प्रभात कंपनीत आले. पैशाअभावी 1944 साली हे केंद्र बंद पडले आणि शिकलेली मंडळी पांगली. त्यांपैकी शांती बर्धन मुंबईस आले. ते मूळचे त्रिपुराकडील कोमिल्लाचे.

बंगालचा भीषण दुष्काळ नुकताच येऊन गेला होता. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा, ही संस्था 1943 साली मुंबईस स्थापन झाली होती. तिने अंधेरीला एक घर घेऊन मध्यवर्ती नृत्यसंच उभा केला. बर्धन नृत्यशिक्षक, आणि शिकायला आलेली पोरे-पोरी देशाच्या सर्व बाजूंची. शांता गांधी, दीना गांधी या बहिणी (दीना म्हणजे पुढच्या दीना पाठक), गुल झवेरी नावाची तरुण गुजराती मुलगी, बंगालचे, आंध्रचे, मलबारचे तरुण. काहींनी यापूर्वी पाऊलही उचललेले नव्हते. सगळे एका घरात राहत, एका चुलीवरचे जेवत, पहाटे उठून मेहनत करीत. झाडणे, भांडी घासणे, कपडे शिवणे यांच्या पाळ्या. हातखर्चाला मिळत असे ते थोडके. यांनीच ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि त्यानंतर ‘इंडिया इम्मॉर्टल’ हे बॅले बसविले आणि गावोगाव दाखविले. रविशंकर या संचासाठी संगीत करीत, आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ या गीताची आज आपण म्हणतो ती चाल त्यांनी याच दिवसांत, 1945 साली बांधली. आपल्या शाळांतून ती चाल म्हणताना अंधेरीचे ते घर कोणाला आठवत नाही.

1946 च्या अखेरीस हा संच मोडला. राजकारणाचे वारे, पैशांची चणचण, मतभेद, जे व्हायचे ते झाले. मात्र घर मोडले तरी माणसे पुरती तुटली नाहीत. बाहेर पडलेल्यांपैकीच काहींनी नगरच्या किल्ल्यातल्या पुस्तकाचा तो बॅले 1947 साली उभा केला. मघाच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर हे: ती मुले अंधेरीच्या त्या चुलीवर जेवून वाढलेली होती.

त्यानंतर बर्धनांना क्षयाने गाठले. त्या काळी क्षय म्हणजे अर्धे मरणच. नर्तकाची छाती गेली, म्हणजे सगळेच गेले. बरे होऊन आले तरी पूर्वीसारखे नाचणे शक्य नव्हते. अशा स्थितीत 1952 साली त्यांनी आपल्या जुन्या सोबत्यांना घेऊन मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढला आणि ‘रामायण’ बसविले. यातली कल्पना अशी, की नर्तकांनी माणसांसारखे नाचायचेच नाही. दोरीवर हलणाऱ्या कठपुतळ्यांसारखे नाचायचे! मान, खांदा, कोपर, मनगट हे सारे लाकडाच्या सांध्यांसारखे, ताठ, तुकड्या-तुकड्यांनी हलणारे, आणि डोक्यावर चौकोनी मुखवटे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे चटकन डोळ्यांपुढे आणता येईल. मुखवटे व वेष अप्पुण्णी कर्ता यांचे. हे रामायण पुढे कित्येक दशके देशात आणि परदेशात होत राहिले.

मला नेहमी वाटते, की ही कल्पना आजारी माणसाच्याच डोक्यातून निघू शकते. ज्याला स्वतःला उडी मारता येत नाही, तो हालचालीतला प्रत्येक अंश तोलूनमापून वापरतो. हा माझा तर्क, इतिहास नव्हे. पण बाहुलीच्या नाचात आणखी एक सोय आहे, ती शिकविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. मुखवट्याआड चेहरा झाकलेला असल्यामुळे कोण गोरी, कोण सावळी, कोण देखणी, हा भेद उरत नाही. आपल्या स्नेहसंमेलनांत ‘राधा कोणाला करायचे’ यावरून आयांमध्ये जे रुसवेफुगवे होतात, ते अशा नृत्यात होण्याचे कारणच नाही.

1954 च्या सप्टेंबरमध्ये शांतिदा वारले. ‘पंचतंत्र’ बसविण्याचे काम हाती होते, ते अर्धे राहिले. खंडाळ्यास जे घडले तेच येथे घडायला हवे होते. मुख्य माणूस गेला, पैसा नाही, जागेची पंचाईत. परंतु तसे घडले नाही. त्यांच्या पत्नी गुल बर्धन, म्हणजे अंधेरीच्या घरातली ती गुल झवेरी, आणि प्रभात गांगुली आदी सोबत्यांनी ‘पंचतंत्र’ पुरे केले. 1964 साली संच मुंबई सोडून ग्वाल्हेरला गेला, नंतर भोपाळला स्थिरावला. गुलबेन सर्वांच्या ‘गुलदी’ झाल्या. 2010 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या वारल्या. नवऱ्यामागे छप्पन्न वर्षे त्यांनी ते बिऱ्हाड चालविले.

हे त्यांना कसे साधले? अंधेरीच्या घरात प्रत्येकाला दुसऱ्याचे काम येत होते, हेच त्याचे मुख्य कारण मला दिसते. नाचणाऱ्याला मुखवटा शिवता येत होता, ढोल वाजविणाऱ्याला नाच पाठ होता, हिशेब कोणा एकाच्या डोक्यात नव्हता. शांतिदा अंथरुणाला खिळले असतानाही तालीम चालू शके, कारण पाठ त्यांच्याइतकाच सोबत्यांच्याही अंगात मुरलेला होता.

पुण्याचे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे. रोहिणी भाटे यांनी 1947 साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ‘नृत्यभारती’ सुरू केली. त्याआधी त्या पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या होत्या. (पार्वतीकुमार हे आपले मराठी नृत्यगुरू. तंजावरच्या सरफोजी राजांनी नृत्यासाठी मराठीत केलेल्या रचना त्यांनी शोधून पुन्हा रंगमंचावर आणल्या. मराठीत नृत्याला साहित्यच नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) मग कथ्थकाकडे वळून पंडित सोहनलाल, लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनी दीर्घकाळ शिक्षण घेतले, आणि तेही स्वतःचा वर्ग चालवीत असताना. सकाळी विद्यार्थिनी, संध्याकाळी गुरू. शिकणे संपले नाही म्हणून शिकविणे थांबविले नाही. त्यांच्या शिष्या त्यांना ‘बेबीताई’ म्हणत. किती घरगुती नाव! पण वर्गात त्या नावाची जरब असे.

नृत्यभारतीत आलेल्या मुली साध्या मध्यमवर्गीय घरांतल्या. सगळ्याच नर्तकी होणार नव्हत्या, हे बेबीताई जाणून होत्या. तरी तीनतालाच्या सोळा मात्रा हाताने धरता येईपर्यंत पुढचा पाठ मिळत नसे. ज्यांच्यात जीव दिसला त्यांना त्यांनी शिकवायला लावले. शमा भाटे, प्रभा मराठे यांच्यासारख्या शिष्यांनी पुढे आपापल्या संस्था काढल्या, आणि त्यांच्या शिष्यांनी आपापले वर्ग. 2008 च्या ऑक्टोबरात बेबीताई गेल्या, तेव्हा पुण्यात कथ्थकाचे वर्ग ओस पडले नाहीत. एका वडाच्या पारंब्या जमिनीला लागलेल्या होत्या. मेनकाबाईंना आयुष्याने तेवढा अवधी दिला नाही, हेही खरे. उगाच कोणाला उणे लेखू नये.

मुंबईला 1953 साली सचिनशंकर यांनीही आपले ‘बॅले युनिट’ काढले आणि पुष्कळ मराठी मुलामुलींना त्यात नाचाचे काम मिळाले. विलायती बॅलेचे खरेखुरे शिक्षण देणारी शाळा तुष्णा दल्लास यांनी 1966 साली मुंबईतच सुरू केली. अलीकडचे उदाहरण तर वर्तमानपत्रांतूनही आले होते. नव्या मुंबईतला अमिरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा, आणि मनीष चौहान, टॅक्सी चालविणाऱ्याचा मुलगा, या दोघांना यहुदा माओर या इस्रायली-अमेरिकी वृद्ध शिक्षकांनी मुंबईत बॅले शिकविले. 2017 साली अमिरुद्दीनला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. खर्चाला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. 2020 साली सूनी तारापोरवाला यांनी त्यांच्यावर ‘ये बॅले’ हा चित्रपट केला. मी तो नातवंडांबरोबर पाहिला. त्यातले म्हातारे मास्तर ओरडतात फार. पण पोरगा चुकला की पुन्हा पहिल्यापासून घेतात, कंटाळत नाहीत. आपल्या वर्गात मुलग्यांना घेत नाहीत, या नियमाचा मी त्या रात्री बराच वेळ विचार करीत होते. नियम मीच सुचविला होता.

आता आपल्या वर्गाकडे येते. ज्या मुलीने दोन वर्षे बंद पडलेला वर्ग पुन्हा चालू केला, तिला आपण काय दिले होते? मी वह्या पुन्हा पाहिल्या. तबलजींचे मानधन लिहिलेले आहे, पेटीच्या दुरुस्तीचे लिहिलेले आहे, चहाचेही लिहिलेले आहे. तिच्या नावापुढे काही नाही. ‘आपलीच मुलगी’ म्हणून आपण तिला नारळ आणि ब्लाउजपीस दिले. ती गेल्यावर तिला येत होते ते दुसऱ्या कोणाला येत नव्हते, कारण तिच्या हाताखाली कोणी तयार करावे हे आपल्याला सुचले नाही. आणि तिचे लग्न झाले तेही येथून दोन गल्ल्या पलीकडे! तिला पुन्हा कोणी बोलावलेच नाही. परवा बाजारात भेटली तेव्हा मी विचारले, येशील का? म्हणाली, “काकू, मुलीला घेऊन येऊ का? ती आठ वर्षांची आहे.”

सभेत मी पुढील सूचना मांडणार आहे. भगिनींनी आधीच वाचून ठेवावी. सभागृह शनिवारी पूर्ण दिवस आणि रविवारी दुपारनंतर भाड्याने द्यावे. रविवारची सकाळ वर्गाला ठेवावी. शिकविणारीस मानधन द्यावे आणि ते वहीत लिहावे. चौदा-पंधरा वर्षांच्या दोन मुली तिच्या मदतीस नेमाव्या आणि दर महिन्याचा एक पाठ त्यांच्याकडून घेववावा. शहाबादी फरशीवर लहान मुलांच्या गुडघ्यांना व टाचांना हिसके बसतात, म्हणून मधल्या भागात लाकडी फळ्या ठोकून घ्याव्या. लाकडाच्या वखारीतून भाव आणून ठेवले आहेत. दहा वर्षांखालील मुलग्यांस प्रवेश द्यावा. सभागृहाची किल्ली एकीकडे न राहता तिघींकडे असावी, आणि हजेरीची वही पेटीच्या खणात न कोंडता भिंतीला खिळ्यावर टांगावी.

घुंगरांचे चार जोड कपाटात अजून आहेत. दोऱ्या कुजल्या आहेत. घुंगरू शाबूत आहेत. ज्यांना दुपारी वेळ असेल त्यांनी जाड दोरा आणि सुई घेऊन गुरुवारी तीन वाजता यावे, म्हणजे ते नव्याने ओवता येतील.